शून्य रुपयांची तीन कोटेशनं

गोरक्षनाथ मरकडांनी अख्खी हयात साखर कारखान्याच्या खरेदी विभागात घालवली, पण त्या हयातीत स्वतः होऊन एक टाचणीसुद्धा कधी पसंत केली नाही. पसंत करणं हे त्यांचं कामच नव्हतं. तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, तक्त्याखाली 'मा. समितीपुढे निर्णयार्थ सादर' असं लिहायचं आणि चहाला निघून जायचं, हे त्यांचं काम. पुढं समितीनं बॉयलरला हत्ती पसंत केला असता तरी मरकडांच्या अंगाला काही लागलं नसतं.

माणूस निवृत्त होतो, त्याची सवय होत नाही. केडगावात घर बांधून राहिल्यावर ते कोथिंबीर आणायला गेले तरी तीन गाड्यांवर भाव विचारून रिकाम्या पिशवीनं परत यायचे आणि तिन्ही भाव बायकोपुढं ठेवून म्हणायचे, "जया, आता तू काय ते ठरव." जयाबाई ठरवायच्या, आणि नाना, म्हणजे मरकड, पुन्हा जाईपर्यंत कोथिंबीर संपलेली असायची. त्या घरात गेली कित्येक वर्षं पोह्यांवर कोथिंबीर पडलेली नाही, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

अशा माणसावर फुकटातलं काहीतरी निवडायची पाळी आली. ती कशी आली, ते ऐका.

शेवगावच्या पलीकडं भोरटेक हे नानांचं मूळ गाव. ऊसतोडीला गेलेली माणसं चैत्रात परत आली की गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस, रात्रंदिवस, देवळात वीणा उभी. उभी म्हणजे ती कुणाच्या तरी गळ्यात असायची, खाली टेकायची नाही. दोन-दोन तासांचा पहारा, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं आणि सुटायचं. दुसरा आलाच नाही तर पहिल्यानं तसंच उभं राहायचं. कुणाचा पहारा किती वाजता, याचा तक्ता पूर्वी नानांचे वडील करायचे आणि त्यांच्यामागं नाना करायचे. गावात नानांची जमीन उरली होती थोडी, मान उरला होता तो एवढाच.

आणि तोच गेल्या साली मातीत गेला. म्हणजे खरं तर शेळीच्या पोटात गेला. नानांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला तक्ता कुणीतरी कणकेची खळ लावून देवळाच्या खांबाला चिकटवला. खळीच्या वासानं कुणाची तरी शेळी आली आणि तिनं तक्त्याचा बरोबर मधला भाग, म्हणजे दुपारचे पहारे, चाटूनपुसून खाल्ला. ज्याचा बारा वाजताचा पहारा होता तो तक्त्यावर आपलं नावच नाही म्हणून बिनघोर शेवगावच्या बाजाराला गेला. त्याच्या आधी उभे होते नानांचे थोरले भाऊ सहादेव. सत्तरी ओलांडलेला माणूस. चैत्राचं ऊन, पत्र्याचा मंडप, आणि सहादेवदादा गळ्यात वीणा घेऊन उभे ते उभेच. बाकीचे लोक पंगतीला गेले, जेवले, तिथंच लवंडले. दिवस कलल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, तेव्हा दादांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि पंगतीत उरला होता गार भात आणि आमटीचा तळ. दादांनी वीणा मात्र टेकवली नव्हती.

गावानं शेळीला दोष दिला नाही, शेळीवाल्यालाही दिला नाही. गावानं नानांना दोष दिला. सप्ताह समितीचे अध्यक्ष आबासाहेब भर मंडपात म्हणाले, "नाना, तुमी कारखान्यात एवढं हुतात, तिथं कागद तीन-तीन प्रतीत निघत्यात म्हन. आन् गावाला एकच प्रत?" हे वाक्य नानांच्या काळजात घुसलं. ज्यानं आयुष्यभर कार्बन पेपर लावल्याशिवाय साधी रजा टाकली नाही, त्याला हे ऐकावं लागावं! आणि दादा? दादा एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्या तर नानांना वर्षभर झोप तरी लागली असती.

यंदा आबासाहेबांचा फोन आला तो थेट मुद्द्याचा. "नाना, औंदा तक्ता कंप्युटरवरचा पाहिजे. चांगल्या दोन-तीन प्रती काढा, वरून प्लॅस्टिक मारून घ्या. तुमाला जमत नसंल तर सांगा, हितं पोरं मोबाईलवर करत्यात. पर दुपारची वीणा परत एकटी पडली, तर म्होरल्या सालापून तक्ता पोरांकडं. मंग मला बोल लावू नका."

"जमतं म्हणजे काय! संगणक घरीच आहे!" नाना ताडकन म्हणाले. घरी होता हे खरंच. लेक धनश्री लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना संगणक मागं राहिला होता, आणि जयाबाईंनी विणलेलं आच्छादन पांघरून तो कोपऱ्यात बसून होता. नानांनी आच्छादन काढलं, बटण दाबलं. यंत्रानं घसा खाकरला आणि ते सुरूही झालं. पण लिहायचा कार्यक्रम उघडताच वर लाल पट्टी आली. मुदत संपली आहे, वर्गणी भरा. नुसतं वाचायला मिळेल, लिहायला मिळणार नाही.

"लिहायला वर्गणी?" नाना म्हणाले. "उद्या पेनात शाई भरल्यावर टोपण उघडायचे पैसे मागतील!"

झालं. गल्लीला कळायला वेळ लागला नाही, कारण नानांनीच दारात उभं राहून सांगितलं. समोरचे बिभीषण खेडकर विमा एजंट. त्यांना आजवर कुठल्याही विषयावर मत नाही असं झालेलं नव्हतं. ते चप्पल न घालताच आले. "मरकडसाहेब, वर्गणी कसली भरता? पाखरांचं घ्या, फुकट आहे. मी पॉलिसीची सगळी कामं त्याच्यावरच करतो." त्या कार्यक्रमाच्या चिन्हात उडणारी पाखरं होती, म्हणून ते पाखरांचं. मागच्या गल्लीत संगणकाचे वर्ग घेणाऱ्या रुपाली मॅडम भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "खेडकरकाका, पाखरं कधीच म्हातारी झाली. नाना, तुम्ही कागदाचं घ्या. तो बघा, कागदाचा कोपरा दुमडलेला असतो ना, ते. सरकारी कचेऱ्यांतसुद्धा चालतं." आणि पुण्याहून धनश्री फोनवर म्हणाली, "पप्पा, काहीच उतरवून घेऊ नका. ढगातलं वापरा. इंटरनेटवरच लिहायचं, तिथंच राहतं."

"ढगात?" नानांनी आभाळाकडं पाहिलं. चैत्राचं आभाळ, औषधाला ढग नव्हता.

तीन माणसं, तीन सूचना. नानांच्या अंगात जुनं रक्त सळसळलं. दुसऱ्या कुणी त्यातलं एक उचललं असतं आणि तासाभरात तक्ता करून मोकळा झाला असता. नानांनी तिघांना लेखी कोटेशन मागितलं.

"अहो, फुकटाचं कोटेशन असतं का?" जयाबाईंनी कपाळाला हात लावला.

"पद्धत ती पद्धत. उद्या कुणी विचारलं, हेच का घेतलं, तर कागद नको दाखवायला?"

"कोण विचारणारंय? मी? मी नाही विचारत, जा!"

खेडकरांनी विम्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं: किंमत शून्य. रुपाली मॅडमनी हसू दाबत लिहून दिलं: किंमत शून्य. धनश्रीनं व्हॉट्सॲपवर एक अंडं आणि हसरा चेहरा पाठवला, तो नानांनी शून्य म्हणून नोंदवून घेतला. मग तुलनात्मक तक्त्याला बसले. किंमत: तिघांची समान. मुदत: तत्काळ. हमी: नाही, नाही, माहीत नाही. विक्रीपश्चात सेवा हा रकाना भरताना त्यांची लेखणी अडली. विक्रीच नाही, तर पश्चात काय असणार? सर्वांत कमी भाव कुणाचा, हेही ठरेना. तेव्हा खरेदी विभागाच्या रीतीप्रमाणं ते वाटाघाटीला निघाले.

"मॅडम, शून्य हे तुमचं शेवटचं?"

"नाना, आता अजून किती खाली येऊ?"

"नाही, खेडकरही शून्यच म्हणतायत."

"मग मी काय वरून चहा पाजू का तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या, आणि खरंच चहा पाजला. नानांनी घरी येऊन शेऱ्यात लिहिलं, 'पक्ष क्र. २ वागणुकीस उत्तम.'

आता असं बघा, भाव समान आले की काय करायचं याचाही कारखान्यात नियम होता. तिघांकडून नमुना मागवायचा, तिन्ही नमुन्यांना सारखंच काम द्यायचं आणि ते समितीपुढं ठेवायचे. नानांनी तेच ठरवलं. तिन्ही कार्यक्रम घ्यायचे, तिन्हींत पहाऱ्याचा तक्ता करायचा आणि बघायचं कुठला शोभतो. आजवर जगात एक तक्ता करायला तीन कार्यक्रम कुणी घेतले नसतील, पण जग खरेदी विभागात नव्हतं, त्याला कोण काय करणार.

पहिली पाखरं आली. खेडकरांनी ती कुठल्या अनोळखी ठिकाणाहून उतरवली देव जाणे, पण सोबत न मागितलेला एक पाहुणाही आला. दर थोड्या वेळानं पडद्यावर उडी मारून तो सांगायचा, तुमच्या संगणकात भरपूर कचरा आहे. जयाबाई स्वयंपाकघरातून वाचायला आल्या आणि वाचून संतापल्या. "रोज सकाळी फडकं मारते मी त्याच्यावरून! कचरा म्हणे! ह्याच्या बापानं कधी झाडू धरलाय का हातात?" पाहुण्याला घालवता घालवता खेडकरांच्या नाकी नऊ आले. त्यांनी तीन वेळा तो घालवला आणि तीन वेळा तो नव्या नावानं आला. शेवटी रुपाली मॅडमनी येऊन एका मिनिटात त्याला काढलं. खेडकर 'मी तेच करणार होतो' म्हणाले आणि तोंड पाडून घरी गेले.

कसाबसा तक्ता टंकून झाला. डावीकडं दुपारी बारापासून वेळा, उजवीकडं नावं. खेडकरांची पडलेली बाजू सावरायची होती, म्हणून त्यांनी संध्याकाळी येऊन एक खुबी दाखवली. "नावं निवडा, हे बटण दाबा, सगळी अकारविल्हे!" नानांनी दाबलं. नावं सरसर वरखाली झाली आणि शाळेच्या हजेरीसारखी रांगेत उभी राहिली. भांडार विभागातल्या कपाटांची आठवण होऊन नानांना भरून आलं. फक्त एवढंच झालं, की नावं हलली आणि वेळा जागच्या जागी राहिल्या. पण ते नानांनी पाहिलं नाही. खेडकरांनी तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कागदाचं आलं. ते बिनबोभाट आलं, गुणी सुनेसारखं. रुपाली मॅडमनी शिकवलं, की सगळ्या वेळा लिहीत बसायचं नाही, पहिल्या दोन लिहा आणि कोपरा धरून खाली ओढा, पुढच्या आपोआप येतात. नानांच्या मनात रात्रंदिवस घोळत होती ती दुपारची बाराची वेळ. त्यांनी पहिली बारा लिहिली, दुसरी दोन लिहिली आणि ओढलं. वेळा धबाधबा खाली उतरल्या. नावं मात्र पहाटे चारपासूनच्या क्रमानं लिहिलेली होती. म्हणजे पहाटेचा माणूस भर दुपारी आला आणि दुपारचा दिवेलागणीला. मॅडमना तेवढ्यात घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, आणि त्या पळाल्या.

राहिलं ढगातलं. धनश्रीनं पुण्याहून कागद उघडून दिला, "पप्पा, आपण दोघं एकदम लिहू" म्हणाली आणि फोन ठेवला. नाना लिहायला बसले, तर पडद्यावर त्यांनी न लिहिलेली अक्षरं आपोआप उमटायला लागली. नाना खुर्चीवरून उठले. "जया! अगं जया! आत कुणीतरी शिरलंय!" जयाबाई लाटणं घेऊनच आल्या. दोघं श्वास रोखून बघतायत, तर पडद्यावर सावकाश उमटलं, 'आईला सांगा, लोणचं पाठव.' जयाबाईंनी लाटणं खाली घेतलं. "आपलीच आहे," त्या म्हणाल्या.

लेकीनं सगळा तक्ता नीट भरला. फक्त एक केलं. सहादेवकाकाचा पहारा दुपारच्या तोंडावर बघून तिला राहवलं नाही. गेल्या साली काकाचे पाय तिनं डोळ्यांनी पाहिले होते. तिनं काकाला पहाटेच्या गारव्यात नेऊन ठेवलं आणि त्या भरात बाकीच्यांनाही एकेक घर पुढं ढकललं. बापाला सांगायचं राहून गेलं.

आता निवड करायची. नानांनी तिन्ही नमुने रुपाली मॅडमच्या छपाई यंत्रावर काढून घेतले, शेळीच्या बापालाही खाता येणार नाही असं जाड प्लॅस्टिक चढवलं आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. अक्षर बघितलं, रेघा बघितल्या, समास बघितला. नमुना म्हणजे रूप बघायचं असतं, मजकूर कोण वाचतो? एकाची रेघ ठसठशीत होती, दुसऱ्याचं अक्षर गोल होतं, तिसऱ्याचा रंग छान होता. दोन दिवस असे गेले.

"ठरलं का?" जयाबाई विचारायच्या.

"विचाराधीन आहे."

"सप्ताह उठेल तोवर!"

तेव्हा नानांनी तेच केलं जे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. पत्र लिहिलं. 'सोबत तीन प्रती जोडल्या आहेत. पैकी योग्य वाटेल तो नमुना मा. समितीने निवडून कळवावा, म्हणजे अंतिम तक्ता करणे सोयीचे होईल. निर्णयार्थ सादर.' भोरटेकचा एक टेम्पो कांदा घेऊन नगरच्या मार्केटला आला होता, त्याच्या हाती पाकीट दिलं आणि नाना चहाला गेले. बऱ्याच वर्षांनी त्यांना चहा चांगला लागला.

उत्तर आलं नाही. नानांना त्याचं नवल वाटलं नाही, समित्यांची उत्तरं येतच नसतात. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ते जयाबाईंना घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले. फाट्यावर उतरून गावाकडं चालू लागले तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेत दूध डेअरी. डेअरीच्या भिंतीवर काहीतरी चकाकत होतं. नाना जवळ गेले. ढगातला तक्ता! चार बाजूंनी चार खिळे मारून पक्का केलेला.

"बघ, तुझ्या लेकीचा पसंत पडला," नाना फुगून म्हणाले. ते दोन घरं पुढं गेले. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणखी एक चकाकत होता. तो कागदाचा.

नाना थांबले. "हाही लावलाय?"

"मग काय झालं? तक्ता तोच ना?" जयाबाई म्हणाल्या.

"तोच," नाना म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी मजकूर वाचला. मग परत मागं डेअरीपर्यंत गेले, तो वाचला. पुन्हा ग्रामपंचायतीपाशी आले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. डेअरीवर दुपारी बाराला एक नाव, ग्रामपंचायतीवर दुसरंच. पिशवी तिथंच टाकून ते देवळाकडं पळत सुटले. निवृत्तीनंतर मरकड पळाल्याचं केडगावात कुणी पाहिलेलं नाही, भोरटेकनं पाहिलं.

देवळाच्या खांबाला पाखरांचा तक्ता होता. बाराला तिसरंच नाव. आणि मंडपात, त्याच जागी, गळ्यात वीणा घेऊन उभे होते सहादेवदादा. एकटे. त्यांनी देवळातला तक्ता वाचला होता, त्यात त्यांची वेळ योगायोगानं तीच आली होती, दहा ते बारा.

नानांना सगळं डोळ्यांपुढं दिसलं. तो म्हणणार माझा पहारा डेअरीवर दुसऱ्या वेळी आहे, हा म्हणणार माझा ग्रामपंचायतीवर भलत्या वेळी आहे. तीन तक्ते म्हणजे एकही तक्ता नाही. कुणीच येणार नाही. दादा पुन्हा दिवस कलेपर्यंत उभे. गेल्या साली निदान शेळी होती नाव घ्यायला, यंदा तीही नाही. आबासाहेब मंडपाच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. नाना त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले, धाप लागलेली.

"आबासाहेब, ते तिन्ही का लावले? पत्रात लिहिलं होतं ना मी?"

"मंग? वाचलं की. 'सोबत तीन प्रती' असं पयल्याच ओळीत हुतं. म्हनून तीन जागी लावल्या. एक शेळीनं खाल्ली तर दोन ऱ्हात्यात. काय चुकलं?"

पुढची ओळ वाचायची समित्यांना सवय नसते, हे नानांइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? आयुष्यभर त्यांनी त्याच भरवशावर नोकरी केली होती. ते काही बोलणार, तेवढ्यात देवळातली घंटा झाली. बारा वाजले.

दादांनी डोळे उघडून मंडपाच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. बाहेर ऊन पांढरंफटक पडलेलं. दादांनी परत डोळे मिटले आणि पायांवरचा भार या पायावरून त्या पायावर घेतला. नानांनी ते पाहिलं. आपणच जाऊन वीणा घ्यावी, सात दिवस आपणच उभं राहावं, म्हणजे फिटेल, असं मनात म्हणत ते चपला काढायला वाकले.

तोच दारात सावली पडली. बनुबाईचा अमृत आला, डोक्याला टॉवेल गुंडाळून. "बाराचा पहारा माझा," म्हणत त्यानं हात धुतले. त्याच्या पाठोपाठ राधाकृष्ण आला. "ए, सरक. बाराला माझं नाव हाय. डेअरीवर वाच."

"डेअरी गेली उडत! देवळावर काय लिवलंय? देवळापुढं डेअरी व्हय रं?"

"मी रोज दूध घालतो तितं, मला काय दिसत न्हाई?"

एवढ्यात तिसरा आला, राम. तो कुणाशी न बोलता सरळ वीणेला हात घालायला निघाला. "मी ग्रामपंचायतीचा मानूस हाय," तो म्हणाला. "सरकारी फळ्यावरचं खरं."

मंडप जागा झाला. लवंडलेली म्हातारी माणसं उठून बसली. दुपारी बाराच्या पहाऱ्यावरून भांडण! पहारा टाळण्यावरून भांडणं गावानं पुष्कळ पाहिली होती. पहारा मिळावा म्हणून एकमेकांची बाही ओढणारी माणसं भोरटेकात आजवर कुणी पाहिली नव्हती. राधाकृष्ण तर म्हणाला, "माझं नाव छापून आलंय, आता मी मागं फिरलो तर घरी भाकर मिळायची न्हाई!"

आबासाहेब उठले. "ए, गप बसा! देवळात हाय आपण." मग त्यांनी नानांकडं पाहिलं, तिघांकडं पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. "आत्ता माज्या ध्येनात आलं. तरीच सकाळपून दर पहाऱ्याला दोन मानसं जादा येऊन मागं फिरत हुती. आरं, वीनेसंगं दोन टाळकरी पाहिजेत, ही जुनी रीत हाय. मानसं मिळत न्हाईत म्हनून आपुन ती सोडली. नानांनी बराबर तिघांची नावं काढली. एक वीना, दोन टाळ! राधाकृष्ण, तू वडील, वीना घे. तुमी दोघं टाळ धरा."

"पण मग माझं नाव तीन जागी तीन येळंला हाय की," अमृत म्हणाला.

"हाय तर हाय. एकदा वीना, दोनदा टाळ. देवाच्या दारी मोजतोस व्हय?"

अमृत वरमला. राधाकृष्णानं वीणेला नमस्कार केला आणि दादांच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. दोन्ही बाजूंनी टाळ वाजू लागले आणि भर दुपारी मंडपात असा काही नाद भरला, की आचारीसुद्धा पळी हातात घेऊन बघायला आले.

नाना खांबाला टेकले. सुटलो, एवढा एकच शब्द त्यांच्या मनात फिरत होता. पण माणूस पापभीरू. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायचं म्हणजे त्यांच्या लेखी ऑडिटमध्ये सापडणं. "आबासाहेब, खरं सांगायचं तर हे सगळं—"

पिशवी घेऊन मागून आलेल्या जयाबाईंनी त्यांना असा चिमटा काढला, की वाक्याचा पुढचा भाग घशातच राहिला. "खरं सांगायचं तर," जयाबाई म्हणाल्या, "लई विचार केला त्यांनी. तीन आठवडे दुसरं काही सुचलं नाही त्यांना." आणि ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"दिसतंय की!" आबासाहेब म्हणाले. "म्होरल्या साली बी असंच तीन पाठवा. त्या पोरांचं मोबाईलवरचं एकच निघतं, त्याला काय चाटायचंय?"

थोड्या वेळानं जयाबाईंनी हळूच विचारलं, "मग आता कुठलं ठेवणार? पाखरं, कागद का ढग?"

"समितीनं तिन्ही मंजूर केलीत," नाना म्हणाले. "ऑर्डर तिघांना वाटून दिली." आणि संगणकावर आजतागायत तिन्ही आहेत. कुठलं उघडायचं असेल तर नाना तिन्ही उघडतात.

पंगत उठली तेव्हा सहादेवदादा हात पुसत बाहेर आले आणि नानांच्या शेजारी सावलीला येऊन बसले. वर्षभर दोघा भावांत तब्येतपाणी, पाऊसपाणी एवढंच बोलणं झालेलं. नाना खाली मान घालून बसले होते. दादांनी पाय लांब पसरले, गुडघ्यावरून हात फिरवला आणि मंडपातले टाळ ऐकत थोडा वेळ बसले.

"गोरख," ते म्हणाले.

"काय दादा?"

"आज आमटी गरम मिळाली."

नानांनी उपरण्यानं चेहरा पुसला, डोळेही पुसले आणि घाम फार येतोय असं उगाच म्हणाले. दादा हसले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ऊठ. दोनचा पहारा तुझा हाय, डेअरीवर वाचला मी."

नाना उठले. मंडपाच्या दारात त्यांना आठवलं, की तिन्ही तक्त्यांत आपलंही नाव आहे. दुपारी दोनला वीणा, दिवेलागणीला टाळ, आणि मध्यरात्री पुन्हा टाळ, सातही दिवस. त्यांनी मागं वळून पाहिलं, तर दादा पाय ओढत त्यांच्यामागं येत होते.

"दादा, दोनच्या पहाऱ्याला तुमचं नाव नाही कुठल्याच तक्त्यावर."

"नसू दे," दादा म्हणाले आणि खुंटीवरचे टाळ काढून घेतले. "चल, मी हाय."